विश्लेषण : जुन्या मोटारींची जत्रा महाग का होत आहे?

थंडी पडू लागली की मुंबई, दिल्ली, कोलकात्यात जुन्या मोटारींच्या रॅलींचा हंगाम सुरू होतो. चकाकणारे कंदील, लांबलचक बॉनेट, रबरी फुग्याचा भोंगा आणि रस्त्याच्या दुतर्फा मुलांना खांद्यावर घेऊन उभी असलेली माणसे, हे चित्र शहरांना सवयीचे आहे. हा तमाशा फुकट होता आणि तोच त्याचा मोठा गुण होता. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत मात्र जुन्या मोटारींचे मेळावे दोन वाटांनी जाऊ लागले आहेत. एक वाट अजून रस्त्यावरून जाते. दुसरी पंचतारांकित हॉटेलांच्या आणि राजवाड्यांच्या हिरवळीवर जाऊन थांबते. तिथे निमंत्रण लागते. खर्च मात्र दोन्ही वाटांवर वाढला आहे. महाराजांच्या रोल्स रॉईसला त्याची झळ बसत नाही. प्रश्न आहे तो एखाद्या निवृत्त माणसाने जपलेल्या फियाटचा, अ‍ॅम्बेसेडरचा आणि मारुती ८००चा.

रॅली आणि ‘कॉन्कूर’ यांत फरक काय?

रॅलीत गाडी चालवावी लागते. ठरलेल्या मार्गाने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या चाकांवर जायला हवी. वाटेत बंद पडली तर मालक, त्याचा मिस्त्री आणि रस्त्यावरचे चार उत्साही लोक मिळून ती ढकलतात. गुण द्यायचेच असतील तर वेळ, गाडीची अवस्था, मूळ भाग किती टिकले आहेत, कधीकधी मालकाने त्या काळाला साजेसा पोशाख केला आहे का, यावर दिले जातात.

‘कॉन्कूर देलेगाँस’ हा फ्रेंच शब्द, अर्थ सौंदर्यस्पर्धा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत युरोपात नव्याकोऱ्या उंची मोटारी आणि त्यांच्या शेजारी उंची पोशाखातल्या स्त्रिया असा तो थाट असे. इटलीतील कोमो सरोवराकाठची व्हिला देस्तेची स्पर्धा १९२९ पासूनची आहे. पुढे या स्पर्धा जुन्या गाड्यांच्या झाल्या. इथे गाडी हिरवळीवर उभी असते आणि परीक्षक हातमोजे घालून तिची तपासणी करतात. कारखान्यातून निघताना कोणता रंग होता, कोणत्या कापडाची आसने होती, स्क्रूचे डोके कसे होते इथपर्यंत चौकशी होते.

फरक एवढ्यावर संपत नाही. रॅलीला गाडी धावती ठेवणारा मिस्त्री लागतो. कॉन्कूरला कागदपत्रे, जुनी छायाचित्रे, परदेशातून मागवलेले सुटे भाग आणि कित्येकदा पूर्णवेळ माणसे लागतात. पहिल्या प्रकारात हौस पुरते, दुसऱ्यात भांडवल लागते.

भारतात या मेळाव्यांची सुरुवात कशी झाली?

‘द स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकाने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली भरवली. काही वर्षांनी कोलकात्यातही ती सुरू झाली. देशातील या छंदाचे हेच मूळ मानले जाते. या रॅलीत संस्थानिकांच्या मोटारी असत, तशाच डॉक्टर, वकील, गॅरेजवाले आणि रेल्वे यांच्याही असत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा १९१४ चा जॉन मॉरिस अग्निशमन बंब हा या रॅलीचा जुना मानकरी.

मुंबईत हा छंद रुजवण्यात ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’चा वाटा मोठा आहे. फोर्टमधील हॉर्निमन सर्कलला सकाळी गाड्या जमायच्या, लोकांनी त्या जवळून पाहायच्या आणि मग त्या शहरातून निघायच्या, हा तिथला रिवाज. हॉर्निमन सर्कलला ना तिकीट, ना फाटक. गाडीच्या खिडकीतून आत डोकावणारा मुलगा आणि ‘हात लावू नको रे’ म्हणणारा मालक यांची गाठ पडायची ती अशा जागी.

त्या काळी या गाड्यांना बाजारभावही फारसा नव्हता. स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले. मोठ्या गाड्यांचे पेट्रोल परवडेना. अनेक मोटारी तबेल्यात गंजल्या, काही भंगारात गेल्या, काही परदेशी संग्राहकांनी नेल्या. ज्यांनी त्या ठेवून घेतल्या त्यांनी बहुतेक वेळा प्रेमापोटी ठेवल्या, गुंतवणूक म्हणून नव्हे. प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकाने शंभराहून अधिक गाड्या गोळा करून अहमदाबादजवळ कठवाडा येथे संग्रहालय उभारले, ते याच वृत्तीतून.

कल हिरवळीकडे कधी वळला?

२००८ मध्ये ‘कार्टिए’ या फ्रेंच जवाहिऱ्यांच्या कंपनीने मुंबईत पहिली कॉन्कूर स्पर्धा भरवली. पुढे ती हैदराबाद (२०१७), जयपूर (२०१९) अशी फिरली. ‘२१ गन सॅल्यूट’ हा दुसरा मोठा सोहळा. २०२३ च्या जानेवारीत तो वडोदऱ्यात, गायकवाडांच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत ओबेरॉय हॉटेल समूहाने उदयपूरच्या उदयविलासमध्ये स्वतःची कॉन्कूर स्पर्धा सुरू केली.

या स्पर्धांनी भारतीय संग्राहकांना बरेच शिकवले, हे मान्य करायला हवे. पूर्वी ‘दुरुस्ती’ म्हणजे वाटेल तो झगझगीत रंग, घराच्या सोफ्याचे रेक्झिन आणि बॉनेटखाली अ‍ॅम्बेसेडरचे डिझेल इंजिन, असा प्रकार सर्रास चाले. परदेशी परीक्षकांनी कागद मागायला सुरुवात केली तेव्हा लोक जुनी बिले, आरसी बुके, घरातल्या लग्नाचे फोटो शोधू लागले. कित्येक गाड्यांना त्यांचे मूळ इंजिन आणि मूळ रंग परत मिळाला. गाडीचा इतिहास लिहून ठेवण्याची सवय लागली.

पण त्याबरोबर पाहणारा बदलला. आयोजनाचा खर्च जवाहिरे, घड्याळ कंपन्या, बँका, हॉटेले आणि नव्या आलिशान मोटारींचे विक्रेते उचलू लागले, की त्यांना गर्दी नको असते, ग्राहक हवा असतो. त्यामुळे पाहुण्यांची यादी ठरते. रस्त्यावरचा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी मोबाइलवर छायाचित्रे पाहतो.

जगात यापेक्षा वेगळे घडले का?

नाही. फार तर तिथे ते आधी घडले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० मध्ये पहिली स्पर्धा झाली, ती मोटार शर्यतीची जोडकार्यक्रम म्हणून. त्या वर्षी पहिला क्रमांक मिळाला तो एका नव्या, घरगुती बांधणीच्या स्पोर्ट्स गाडीला. आज पेबल बीच ही जगातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा आहे. तिच्या आगेमागे पूर्ण आठवडाभर लिलाव, मेजवान्या आणि खासगी प्रदर्शने चालतात. साध्या प्रवेशासाठीही शेकडो डॉलर मोजावे लागतात. त्यातील निधी धर्मादाय कामाला जातो हे खरे, पण गाडी पाहायला आलेल्या सामान्य कुटुंबाला हिशेब करावाच लागतो.

दुसरा बदल मालकीचा. फ्लोरिडातील अमेलिया आयलंडची स्पर्धा १९९६ मध्ये एका हौशी माणसाने सुरू केली होती. २०२१ मध्ये ती ‘हॅगर्टी’ या जुन्या मोटारींच्या विमा कंपनीने घेतली. त्याच वर्षी ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली. ग्रिनिच आणि डेट्रॉइटच्या स्पर्धाही तिच्याकडे आल्या. विमा, मूल्यांकन, लिलाव आणि मेळावा ही एकाच साखळीची कडी झाली. क्लबच्या स्वयंसेवकांनी चहा-सँडविचवर चालवलेला कार्यक्रम आता ताळेबंदाचा भाग असतो.

तिसरा बदल किमतीचा. २०२२ च्या मे महिन्यात मर्सिडीझची १९५५ ची ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’ १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. लिलावातील मोटारीचा हा विक्रम. अशा व्यवहारांमुळे जुनी मोटार ही चित्र किंवा जमिनीसारखी मालमत्ता मानली जाऊ लागली. मालमत्ता झालेली वस्तू रस्त्यावर आणायला माणूस कचरतो. ती बंद ट्रकमधून येते, हिरवळीवर उभी राहते आणि बंद ट्रकमधूनच परत जाते.

सामान्य मालकाचा खर्च नेमका कुठे वाढला?

पहिला खर्च जागेचा. जुनी गाडी उघड्यावर ठेवली तर दोन पावसाळ्यांत तिच्या तळपत्र्याला गंज लागतो. मुंबई-पुण्यात सोसायटीने एका सदनिकेला एक जागा दिली तर ती रोजच्या गाडीला लागते. पुनर्विकासात जुने गॅरेज जाते आणि त्याजागी यांत्रिक पार्किंगचे पाळणे येतात. त्यांत लांब किंवा उंच जुनी गाडी बसेलच असे नाही. कित्येक गाड्या विकल्या जातात त्या पैशांसाठी नव्हे, तर जागा उरली नाही म्हणून.

दुसरा खर्च माणसांचा. कार्ब्युरेटर कानाने लावणारा, पत्रा हातोडीने ठोकून गोलाई काढणारा, लाकडी सांगाड्यावर टप चढवणारा कारागीर आता दुर्मीळ आहे. नव्या गाड्यांत संगणक लावून दोष शोधतात आणि भाग बदलतात. त्यामुळे मिस्त्रींच्या पुढच्या पिढीने हे जुने काम शिकण्याचे कारण उरले नाही. जे उरले आहेत त्यांच्याकडे मोठ्या संग्राहकांच्या गाड्यांची रांग असते. एकच गाडी असलेल्याला थांबावे लागते आणि दरही तोच द्यावा लागतो.

तिसरा खर्च सुट्या भागांचा. मुंबईत ऑपेरा हाउसची दुकाने, कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोर बाजार ही या छंदाची तीर्थक्षेत्रे. फियाट, अ‍ॅम्बेसेडरचे भाग अजून मिळतात. पण युद्धपूर्व गाडीचे टायर किंवा हेडलाइटची काच परदेशातूनच आणावी लागते. जुन्या मापाचे टायर मोजक्याच कंपन्या, मोजक्या संख्येने बनवतात. वाहतूक आणि सीमाशुल्क धरले की टायरइतकाच त्यांचा खर्च होतो. शिवाय टायर वापरला नाही तरी वयाने कडक होतो आणि बदलावा लागतो.

चौथा खर्च रॅलीचाच. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका, बंद पडलेली गाडी उचलणारे वाहन, विमा, सुरक्षारक्षक, मंडप, पार्किंग या सगळ्याचा भार क्लबवर पडतो. परगावचा मालक गाडी ट्रकवर घालून आणतो, त्याचे भाडे वेगळे. प्रायोजक मिळाला नाही तर कार्यक्रम लहान होतो किंवा होतच नाही.

इंधनाचा काय संबंध?

जुनी इंजिने ज्या पेट्रोलसाठी बनली ते पेट्रोल आता मिळत नाही. त्यात शिसे असे. ते व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीमध्ये गादीसारखे काम करी. आरोग्याला घातक म्हणून २००० साली देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले, आणि ते योग्यच झाले. मालकांनी कडक धातूच्या बैठका बसवून मार्ग काढला.

आता प्रश्न इथेनॉलचा आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होत राहते, म्हणून ते जाणवत नाही. महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत पेट्रोल टाकीत पडून राहते, पाणी तळाला बसते आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. जुने रबरी पाइप, पंपाचे पडदे, बुचाच्या गॅसकेट फुगतात किंवा ठिसूळ होतात. पाइप फुटून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडले तर आग लागू शकते. म्हणून जाणकार मालक रबराचे सगळे भाग नव्या प्रकारचे बसवतात आणि गाडी उभी करण्यापूर्वी टाकी रिकामी करतात. हे काम फार महाग नाही. पण ज्याला माहीत नाही त्याचे नुकसान मोठे होते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिची नोंदणी १० वर्षांसाठी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, पुढच्या प्रत्येक नोंदणीचे ५ हजार. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना जुना क्रमांक राखता येतो. नवी नोंदणी होणाऱ्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

हे नियम छंदाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. त्यांनी पहिल्यांदाच जुनी गाडी आणि भंगार यांत कायद्याने फरक केला. २०२५ च्या सुरुवातीला आयातीचे धोरणही सैल झाले. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या मोटारीच आणता येत, आता ५० वर्षांहून जुन्या मोटारी आणता येतात. मात्र आयातीवरील करांची एकूण रक्कम मोटारीच्या किमतीच्याही पुढे जाते. म्हणजे दार उघडले आहे, पण त्यातून जाणारा पुन्हा मोठा संग्राहकच.

मग अडचण कुठे आहे?

अडचण वयाच्या मधल्या पट्ट्यात आहे. गाडी १५ वर्षांची झाली की दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पर्यंत खासगी मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपये होते. त्या दिवसापासून ते ५ हजार झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १० हजार करण्यात आले. त्याच वयाच्या मोटारसायकलसाठी २ हजार आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार.

साधा हिशेब करून पाहू. गाडी २० वर्षांची असल्यापासून ५० वर्षांची होईपर्यंत सहा वेळा नूतनीकरण होते. आजच्या दराने साध्या मोटारीचे ६० हजार रुपये होतात. आयात केलेल्या मोटारीचे ४ लाख ८० हजार. यात पर्यावरण कर, फिटनेस तपासणीआधीची दुरुस्ती, विमा, पीयूसी धरलेले नाहीत. दुसरीकडे, एकदा व्हिंटेज नोंदणी झालेल्या गाडीला पुढच्या १० वर्षांसाठी ५ हजार पुरतात. म्हणजे नव्वद वर्षांच्या लिमोझिनपेक्षा तीस वर्षांच्या मारुती ८०० ला त्याच १० वर्षांत चौपट शुल्क भरावे लागते.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. जुने इंजिन अधिक धूर सोडते आणि रस्त्यावरची कोट्यवधी जुनी वाहने हटवायची तर ती ठेवणे महाग करणे हा एक उपाय आहे. रोज शंभर किलोमीटर धावणारी जुनी गाडी आणि महिन्यातून एका रविवारी निघणारी जुनी गाडी यांत मात्र हे शुल्क फरक करत नाही. नियमांत तसा वर्गच नाही.

याचा मेळाव्यांशी संबंध काय?

थेट संबंध आहे. ५० वर्षांनंतर जी गाडी व्हिंटेज ठरणार, ती आधी तिथपर्यंत पोहोचायला हवी. कोणतीही वस्तू जुनी आणि मौल्यवान होण्यापूर्वी काही काळ फक्त जुनी असते. त्या काळात तिला किंमत नसते, म्हणून ती सर्वाधिक संख्येने नष्ट होते. तीस-पस्तीस वर्षांच्या गाड्या आज त्याच टप्प्यात आहेत.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट बनत असे. शहराच्या रस्त्यांवर तिच्या हजारो टॅक्सी होत्या. टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस संपली आणि एक पर्व मिटले. हळहळ सर्वांना वाटली. पण हजारोंपैकी जतन झाल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. ती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून कुणालाच ती दुर्मीळ वाटली नाही.

उद्याच्या मेळाव्यात आजच्या मुलांना काय दाखवायचे, हा प्रश्न इथे येतो. महाराजांच्या गाड्यांना रक्षक आहेत. पण या देशातील बहुतेक कुटुंबांच्या आठवणी रोल्स रॉईसच्या नाहीत. त्या नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या स्कूटरच्या, सुट्टीत कोकणात नेलेल्या फियाटच्या आणि १९८३ नंतर घरात आलेल्या पहिल्या मारुतीच्या आहेत. राजदूत, येझदी, लॅम्ब्रेटा, चेतक, काँटेसा, स्टँडर्ड हेराल्ड ही नावे आजही घरोघरी निघतात. मेळावा फक्त हिरवळीवर राहिला तर या गाड्यांना उभे राहायला जागा नाही.

नव्या पिढीची आवड बदलते आहे का?

बदलते आहे, आणि आशेची जागा तिथेच आहे. पंचविशी-तिशीतील हौशींना युद्धपूर्व मोटारींचे कौतुक असते, पण ओढ असते ती लहानपणी पाहिलेल्या गाड्यांची. अमेरिकेत २०१७ मध्ये ‘रॅडवुड’ हा फक्त १९८०-९० च्या दशकांतील गाड्यांचा मेळावा सुरू झाला. लोक त्या काळचे कपडे घालून येऊ लागले आणि काही वर्षांतच तो मोठा झाला. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ भरतो. त्यात मान मिळतो तो अगदी साध्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या गाड्यांना.

प्रतिष्ठित स्पर्धांतही हवा बदलली आहे. एके काळी कारखान्यातून निघाली त्याहून अधिक चकचकीत गाडी जिंकायची. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत जतनाला पुनर्बांधणीपेक्षा वरचे स्थान दिले. मूळ रंग उडाला असेल तर उडू द्यावा, आसनाचे चामडे भेगाळले असेल तर तसेच ठेवावे, कारण इतिहास त्यातच असतो, असा हा विचार. २०२४ मध्ये पेबल बीचचा सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. ती पुन्हा न रंगवलेली, जतन-वर्गातील गाडी होती. या वर्गातील गाडीने तिथे पहिला क्रमांक मिळवण्याची ही पहिलीच वेळ.

भारतीय मालकाच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. नवा रंग, नवा क्रोमचा मुलामा आणि नवे चामडे हेच पुनर्बांधणीतले मोठे खर्च. आजोबांच्या फियाटचा फिकट झालेला मूळ रंग हा दोष नसून गुण आहे हे मान्य झाले, तर ती ठेवणे स्वस्त होते.

इतर देश काय करतात?

जर्मनीत ३० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ अवस्थेत राखलेल्या गाडीला नोंदणी पाटीवर वेगळे अक्षर मिळते आणि वर्षाला १९१ युरोंच्या आसपास ठरावीक कर भरावा लागतो. इंजिन कितीही मोठे असले तरी कर तोच. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता कर माफ आहे आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. फिव्हाच्या व्याख्येत ३० वर्षे हीच सीमा आहे. ती गाडी रोजच्या दळणवळणाची नसावी, अशीही अट आहे. भारतात ही सीमा ५० वर्षांची आहे.

मेळाव्यांचेही वेगळे नमुने आहेत. लंडन ते ब्रायटन ही १९०५ पूर्वीच्या गाड्यांची दौड १८९६ च्या एका घटनेच्या स्मरणार्थ निघते. जगातील अतिमौल्यवान मोटारी नोव्हेंबरच्या थंडी-पावसात शंभरेक किलोमीटर धावतात आणि रस्त्याकडेचे लोक ते फुकट पाहतात. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टमध्ये लाखो लोक जमतात. तिथे परीक्षक नसतात, कुणीही आपली गाडी घेऊन रांगेत येतो.

असे उदाहरण आपल्याकडेही आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींचे वंशज संस्थानकाळातील मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात. जगातील कोणत्याही हिरवळीवर मानाने उभी राहील अशी ती मोटार. कोल्हापूरकर ती दरवर्षी सोने लुटायला जाताना पाहतात, त्यासाठी त्यांना निमंत्रण लागत नाही.

पुढे काय होऊ शकते?

कॉन्कूर स्पर्धा बंद व्हाव्यात असे कुणी म्हणणार नाही. त्यांनी दर्जा आणला, परदेशातील संग्राहकांचे लक्ष भारताकडे वळवले, कारागिरांना काम दिले. पण त्या या छंदाचा कळस आहेत, पाया नव्हेत. पाया म्हणजे एकच गाडी असलेला मालक, त्याचा मिस्त्री आणि रस्त्यावर थांबलेला मुलगा.

तो टिकवायचा तर काही गोष्टी अशक्य नाहीत. ३० वर्षांपुढील, मूळ अवस्थेतील आणि वर्षाला मर्यादित किलोमीटर चालणाऱ्या खासगी वाहनांचा वेगळा वर्ग करता येईल. किलोमीटरची मर्यादा पाळली गेली की नाही हे विमा आणि तपासणीच्या नोंदींवरून समजू शकते. क्लबांना आपल्या रॅलीत भारतीय बनावटीच्या गाड्या आणि दुचाकींसाठी कमी शुल्काचा वर्ग ठेवता येईल. मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांना हिरवळीवरचा सोहळा उरकल्यावर एक सकाळ शहराच्या रस्त्यासाठी देता येईल. आयटीआयमध्ये पत्राकाम, कार्ब्युरेटर आणि आसनकामाचा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला तर जुने मिस्त्री असेपर्यंत त्यांची विद्या पुढे जाईल.

घरच्या घरी करण्यासारखेही आहे. जुनी गाडी किंवा स्कूटर पडून असेल तर आधी आरसी बुक शोधावे, मुदत संपली आहे का ते पाहावे, टाकी रिकामी करावी आणि रंग द्यायची घाई करू नये. पहिल्या नोंदणीची तारीख तपासावी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि जावा आता ५० वर्षांची रेषा ओलांडत आहेत. त्या व्हिंटेज झाल्याचे त्यांच्या मालकांनाही कित्येकदा ठाऊक नसते आणि अशा वेळी आरटीओच्या आधी भंगारवाला दारात पोहोचतो.